डिजिटल दप्तर आणि घराण्याचा शोध : कर्जत-खालापूरच्या नोंदींचे संदर्भ

घराण्याच्या इतिहासात एखाद्या नोंदीचा संदर्भ देणे म्हणजे ती नोंद ज्या कागदावर आहे त्या कागदापाशी दुसऱ्या माणसाला पोहोचता येईल एवढी माहिती लिहून ठेवणे. कागद कचेरीत बसून वाचला असेल तर हे काम सरळ असते. कोणत्या कचेरीचे दप्तर, कोणत्या गावाची वही, कितवे पान आणि कितवी नोंद, एवढे टिपले की झाले. तोच कागद संगणकावर किंवा फोनवर पाहिला की गुंता वाढतो. पाहणाऱ्याने वही पाहिलेलीच नसते. त्याने वहीचे छायाचित्र पाहिलेले असते, किंवा वहीवरून कुणीतरी टंकून काढलेल्या ओळी पाहिलेल्या असतात. वही, तिचे छायाचित्र आणि टंकलेली ओळ या तीन वेगळ्या वस्तू आहेत. त्यांतली नेमकी कोणती आपण पाहिली हे सांगणे, ही डिजिटल अभिलेखाचा संदर्भ देण्यातली पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत हे सांगणे आणखी जबाबदारीचे होते, कारण इथले गाव जागचे हलले नाही तरी त्याचा जिल्हा बदलत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा मुलूख ठाणे जिल्ह्याच्या नसरापूर तालुक्यात मोडत असे. पुढे तालुक्याला कर्जतचे नाव मिळाले आणि खालापूर त्याचा पेटा, म्हणजे पोटविभाग, राहिला. १८९१ साली कर्जत तालुका ठाण्यातून निघून कुलाबा जिल्ह्यात गेला. खालापूर कालांतराने स्वतंत्र तालुका झाला आणि १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. म्हणजे एकाच कुटुंबाच्या चार पिढ्यांचे कागद ठाणे, कुलाबा आणि रायगड अशा तीन नावांखाली विखुरलेले असू शकतात, आणि त्यांतल्या कुणीही घर बदललेले नसते. सरकारी गॅझेटियर पाहतानाही हाच अनुभव येतो. १८८३ च्या कुलाबा-जंजिरा खंडात कर्जतचे वर्णन शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ते १८८२ च्या ठाणे खंडांत आहे, कारण तेव्हा कर्जत ठाण्यात होते. हे खंड आज स्कॅन होऊन सर्वांना उपलब्ध आहेत, पण शोधाच्या खिडकीत ‘कुलाबा’ हा शब्द टाकला तर यंत्र चुकीच्या खंडाकडेच नेते.

म्हणून संदर्भात दोन पत्ते लागतात: नोंद झाली त्या दिवशीचा आणि आजचा. ‘मौजे अमुक, तालुका कर्जत, जिल्हा ठाणे (आता रायगड)’ असे लिहायला जागा फारशी लागत नाही. नुसते ‘कर्जत’ मात्र कधीच पुरत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातही कर्जत तालुका आहे, आणि राज्यभराच्या याद्यांत दोन्ही कर्जत एकाखाली एक येतात. नसरापूरची तीच गत. एक कर्जतजवळ उल्हास नदीकाठी, दुसरे पुणे जिल्ह्यात भोर तालुक्यात. आंबिवली म्हटले की कुणाला कल्याणजवळचे रेल्वे स्टेशन आठवते, तर कुणाला कर्जत तालुक्यातली लेणी. जुन्या महसुली कागदांत गावाच्या नावापुढे येणारा ‘तर्फ’ हा शब्द इथे उपयोगी पडतो. कर्जतकडचे ‘तर्फ कोथळ खलाटी’ किंवा खालापूरकडचे ‘तर्फ बोरेटी’ ही शेपटी नको म्हणून गाळणे ही नेहमीची चूक. एकाच नावाच्या दोन गावांतला फरक अनेकदा तेवढ्याच शब्दावर टिकलेला असतो. अलीकडच्या सातबाऱ्यावर गावाचा स्वतंत्र संकेतांक छापलेला असतो. तोही टिपून ठेवावा.

जिल्ह्यांच्या सीमेमुळे एकाच माणसाचे कागद कसे वाटले जातात, याचे ठळक उदाहरण याच भागातल्या हुतात्मा भाई कोतवाल यांचे आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला झाला. माथेरान कर्जत तालुक्यात, म्हणजे त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात. २ जानेवारी १९४३ रोजी ते आणि मानिवलीचे हिराजी पाटील सिद्धगडावर मारले गेले. सिद्धगड मुरबाड तालुक्यात, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. जन्म आणि घर यांचा माग एका जिल्ह्याच्या दप्तरात लागतो आणि मृत्यूचा दुसऱ्याच. जे इतिहासाला माहीत असलेल्या माणसाच्या बाबतीत घडते, ते मुरबाडला दिलेल्या मुलीच्या किंवा कल्याणला कामाला गेलेल्या चुलत्याच्या बाबतीत घडणारच.

जुन्या नोंदींच्या या विषयाकडे घराघराचे लक्ष वळले ते २०२३ च्या शेवटी. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचे काम सुरू झाले, पुढे ते राज्यभर विस्तारले, आणि तहसील, शाळा, भूमी अभिलेख, कारागृह, नगरपालिका अशा अनेक कचेऱ्यांतल्या जुन्या वह्या कुणबी नोंदींसाठी उघडल्या गेल्या. अशा ५० लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचे शासनाने सांगितले, आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर पानेच्या पाने स्कॅन होऊन आली. ज्या वह्या मागण्यासाठी पूर्वी अर्ज, शुल्क आणि हेलपाटे लागत, त्या घरबसल्या दिसू लागल्या. नातवंडांनी पणजोबांचे नाव प्रथमच कागदावर पाहिले. या आनंदाच्या भरात बहुतेकांनी फोनवर त्या ओळीचा फोटो काढून ठेवला आणि बाकी पान सोडून दिले. पुढे तोच फोटो जात पडताळणी समितीपुढे किंवा भावकीपुढे ठेवताना गाव कोणते, वही कोणती, साल कोणते, याचे उत्तर फोटोत नसते. पानाचा मथळा, वहीचे मुखपृष्ठ आणि ओळीच्या वरखालच्या नोंदी यांशिवाय ओळ पोरकी होते.

नोंदींचे प्रकार ओळखल्याशिवाय संदर्भ लिहिता येत नाही, आणि महसुली कागदांना त्यांची स्वतःची नावे आहेत. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. जमिनीवरचा हक्क खरेदी, वारस, वाटणी किंवा गहाण यामुळे बदलला की त्यात नोंद पडते. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याला याहून मोलाचा कागद क्वचितच मिळतो, कारण वारसाच्या फेरफारात मयताचे नाव, मृत्यूची तारीख, मुलगे, मुली, विधवा आणि कधी कधी वयेही एका ठिकाणी येतात. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा. त्यामुळे शंभर वर्षांहून जुने फेरफार अनेक गावांत आहेत. गाव नमुना ७ आणि १२ म्हणजे सर्वांच्या ओळखीचा सातबारा. ८-अ म्हणजे खातेउतारा. नमुना १४ म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. गावच्या कोतवालाच्या वहीत, म्हणजे कोतवाल बुकातही, अशाच नोंदी सापडतात. शाळेचे जनरल रजिस्टर, ज्याचा उतारा प्रवेश-निर्गम म्हणून मिळतो, ते शाळेच्याच कपाटात असते. १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर हेही एक साधन आहे. जनगणनेच्या घरोघरच्या नावांच्या याद्या मात्र आपल्याकडे पाहायला मिळत नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्याने त्या खुल्या ठेवलेल्या नाहीत. इंग्लंडमधल्या संशोधनाची पुस्तके वाचून इथे कामाला लागणाऱ्यांचा पहिला अपेक्षाभंग इथेच होतो.

कूळ कायद्याचे कागद इथल्या घराण्यांसाठी वेगळे लक्ष देण्याजोगे आहेत. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. त्यानंतर कलम ३२-ग खाली किंमत ठरवण्याची प्रकरणे चालली आणि ३२-म खाली दाखले दिले गेले. १९५७ च्या आधी ज्याचे नाव सातबाऱ्यावर केवळ कुळाच्या रकान्यात होते, तो पुढे कब्जेदाराच्या रकान्यात येतो. ज्या घरांना ‘आमची जमीन पिढीजात’ एवढेच ठाऊक असते, त्यांना हा बदल कागदावर दिसतो तेव्हा मागच्या पिढीचे कष्ट पहिल्यांदा समजतात. संदर्भ देताना म्हणूनच नाव कोणत्या रकान्यात सापडले तेही लिहावे. ‘सातबाऱ्यावर आजोबांचे नाव आहे’ या वाक्यातून ते मालक होते, कूळ होते की ‘इतर हक्कात’ सावकार म्हणून होते, हे कळत नाही.

आता संदर्भाची रचना. अमेरिकेत एलिझाबेथ शोन मिल्स यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘एव्हिडन्स एक्सप्लेन्ड’ या जाडजूड ग्रंथाने कुलवृत्तांत लिहिणाऱ्यांना थरांच्या संदर्भाची सवय लावली. आधी मूळ कागद, मग तो जिथे आहे ती जागा, मग ज्या प्रतिमेतून तो पाहिला ती प्रतिमा. ही शिस्त आपल्या दप्तराला चपखल बसते. नमुन्यादाखल एक संदर्भ असा (यातले आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत): फेरफार नोंदवही (गाव नमुना ६), मौजे अमुक, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा (आता रायगड), नोंद क्र. ४१२, नोंदीची तारीख ९-३-१९३४, मंजुरी २-५-१९३४. मूळ वही तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात. महसूल विभागाच्या संकेतस्थळावरील स्कॅन, प्रतिमा ५७, पाहिल्याची तारीख १४-६-२०२४. प्रतिमेचा उजवा खालचा कोपरा फाटलेला, मंजुरी देणाऱ्याची सही वाचता येत नाही.

या नमुन्यात नोंदीचा क्रमांक आणि प्रतिमेचा क्रमांक वेगळे ठेवले आहेत, ते जाणूनबुजून. स्कॅन करताना मुखपृष्ठ, कोरी पाने, दोनदा टिपलेली पाने हे सारे मोजले जाते; त्यामुळे सत्तावन्नावी प्रतिमा म्हणजे सत्तावन्नावे पान नव्हे. संकेतस्थळाचा लांबलचक पत्ता उतरवून घेण्यापेक्षा नोंद क्रमांक अधिक टिकाऊ. पत्ते बदलतात, विभागांची संकेतस्थळे नव्याने बांधली जातात, आणि मोठ्यांतल्या मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिची सूची व डिजिटल हस्तलिखिते कित्येक महिने बंद राहिली. ज्यांच्या टिपणात फक्त दुवा होता त्यांचा दुवा मेला. ज्यांनी दप्तराचा मूळ क्रमांक लिहिला होता त्यांचे काम अडले, पण हरवले नाही.

टंकलेल्या नोंदीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. आज डिजिटल स्वाक्षरीसह मिळणारा सातबारा हा जुन्या कागदाचा फोटो नाही. हस्तलिखित सातबाऱ्यावरून संगणकात भरलेली माहिती आहे. भरताना नावे चुकली, हिस्से बदलले, काही खाती राहून गेली. म्हणूनच गावोगाव चावडी वाचन घेऊन हस्तलिखित आणि संगणकीय उतारा पडताळण्यात आला, आणि लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ चा आधार घेतला गेला. व्यवहारासाठी हा उतारा वैध आहे. इतिहासासाठी तो दुय्यम साधन आहे. ‘धर्मा’चा ‘धर्माजी’ झाला असेल तर तो बदल कुटुंबाने केला की भरणाऱ्या हातांनी, हे जुन्या पानाशिवाय ठरत नाही. न्यायालयात द्यायची प्रत हा आणखी निराळा विषय. तिथे कचेरीची प्रमाणित नक्कल लागते, आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे.

नोंदीतली भाषा जशी आहे तशी उतरवावी, आणि अर्थ शेजारी द्यावा. जुन्या कागदांत आडनावे क्वचित असतात. ‘राघू बिन धर्मा’ किंवा ‘राघू वलद धर्मा’ म्हणजे धर्माचा मुलगा राघू. ‘सखू कोम रामा’ म्हणजे रामाची बायको सखू. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. या तीन अक्षरांवरून वारस त्या वेळी वयात आलेला नव्हता हे कळते, आणि त्याच्या जन्माचे साल अदमासाने धरता येते. ‘ए.कु.क.’ म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. म्हणजे उताऱ्यावर एकच नाव असले तरी मागे भाऊ असण्याची शक्यता आहे. उतरवताना ही अक्षरे फोडून आधुनिक वाक्य केले तर मागे राहिलेले भाऊ कायमचे गळतात.

सनांचेही तसेच. शके अधिक ७८ म्हणजे इसवी सन, हे सर्वांना माहीत असते. फसली सनात ५९० मिळवावे लागतात, आणि पेशवाईतल्या कागदावरचा शुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘सन अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७४, त्यात ५९९ मिळवले की १७७३-७४. ही वर्षे मृगाच्या सुमारास सुरू होतात, त्यामुळे इसवी सनाची दोन वर्षे जोडून लिहावी. आधी मूळ सन, मग कंसात रूपांतर. रूपांतर चुकले तर ते दुरुस्त करता येईल, पण मूळ सन टाकून दिला तर चूक पकडण्याचा मार्गच उरत नाही.

जुन्या नोंदी बहुतांशी मोडीत आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही, अक्षरे एका ओढीत चालतात, आणि स्कॅन फिकट असेल तर ‘राणू’ की ‘राघू’ हे जाणकारही ठामपणे सांगत नाहीत. ज्याने वाचन केले त्याचे श्रेय आणि वाचनाची तारीख संदर्भात असावी, शंकेच्या अक्षरापुढे प्रश्नचिन्ह असावे. कुणबी नोंदींच्या शोधात मोडी वाचकांची उणीव सगळ्यांनाच जाणवली. घाईत केलेली लिप्यंतरे तेव्हा हातोहात पसरली. लिप्यंतर हे मूळ नव्हे, म्हणून दोन्हींचा संदर्भ निरनिराळा द्यायचा. पेशवे दप्तरापर्यंत मागे जाणाऱ्यांसाठी पुण्याच्या पुराभिलेखागारात कागद रुमालांत बांधलेले आहेत. तिथला पत्ता म्हणजे विभाग आणि रुमाल क्रमांक. रियासतकार सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड स्कॅनमध्ये मिळतात, पण खंडातून घेतलेला मजकूर हा खंडाचाच संदर्भ; रुमाल न पाहता रुमालाचा क्रमांक देऊ नये.

बोरघाटाने या तालुक्यांच्या दप्तरात एक मोठी विषमता ठेवली आहे. १८५६ मध्ये रेल्वे घाटपायथ्याशी पोहोचली आणि खोपोलीपर्यंत, इंग्रजी कागदांतल्या ‘कॅम्पूली’पर्यंत, फाटा गेला. १८६३ मध्ये घाटमार्ग खुला झाला. १८६१ च्या सुमारास या कामावर ४० हजारांहून अधिक मजूर होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे वारले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी काम पुढे नेले, हे जगाला माहीत आहे. युरोपियनांचे बाप्तिस्मे, लग्ने, दफने मुंबई इलाख्याच्या चर्चनोंदींत गेली; त्या लंडनच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये ‘एन/३’ या मालिकेत आहेत आणि शुल्क भरून घरबसल्या पाहता येतात. पटकीने आणि अपघातांनी मेलेल्या मजुरांची नावे अशा कोणत्याही मालिकेत नाहीत. ‘आमचे पूर्वज घाटाच्या कामावर होते’ ही घरातली सांगी असेल, तर सांगणाऱ्याचे नाते, वय, ठिकाण आणि ऐकल्याची तारीख लिहून ती तोंडी साक्ष म्हणूनच नोंदवावी. रेल्वेच्या छापील अहवालाचा हवाला जोडून तिला कागदी पुराव्याचा मुलामा देणे अन्यायाचे आहे. ती साक्ष स्वतःच्या बळावर उभी राहू शकते.

हेच ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी वाड्यांबद्दल अधिक आग्रहाने म्हणावे लागते. ठाकूरवाडी किंवा कातकरवाडी हे बहुधा महसुली गाव नसते. तिच्या नोंदी पायथ्याच्या गावाच्या वहीत शोधाव्या लागतात, आणि जमीन नसलेल्या कुटुंबाचा फेरफारही नसतो. डोंगरउतारावरच्या दळी जमिनींच्या नोंदींत अनेकदा वाडीतल्या एका प्रमुखाचे नाव असते, कसणारे सगळे असतात. अशा नोंदीचा संदर्भ एका घराच्या नावे देताना ती समूहाची आहे हे स्पष्ट केले पाहिजे. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो. शाळेच्या रजिस्टरातला ‘ठाकर’, ‘ठाकूर’, ‘क ठाकर’ किंवा ‘म ठाकूर’ असा एकेक शब्द त्यामुळे घराचे भवितव्य ठरवतो. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ च्या निकालात आप्तभाव चाचणी (जमातीच्या चालीरीतींशी नाते तपासणारी) ही अंतिम कसोटी नसल्याचे सांगून संविधानपूर्व कागदांचे वजन अधोरेखित केले; तो खटला ठाकूर जमातीच्याच दाव्यांचा होता. त्यामुळे रजिस्टरातली जात उतरवताना एक मात्राही आपल्या समजुतीने बदलू नये. शब्द अवमानकारक असला तर तोही अवतरणात तसाच, आणि शेजारी कुटुंब आज स्वतःला काय म्हणते ते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. घरे गाडली गेली की घरातल्या पेटीतले रेशनकार्ड, दाखले, जुने उतारे हेही जातात, आणि मग कचेरीतली व शाळेतली प्रत हीच एकमेव उरते. अशा ठिकाणी एखाद्या नातेवाइकाच्या फोनमधला उताऱ्याचा फोटोसुद्धा अभिलेख ठरतो. त्याचा संदर्भ देताना फोटो कुणी, केव्हा, कोणत्या कागदाचा काढला, मूळ कागद आता अस्तित्वात आहे की नाही आणि फोटोची मूळ फाइल कुणाकडे आहे, हे चारही तपशील लिहावेत. पाठवत पाठवत आलेल्या फोटोतून तारीख निघून जाते आणि अक्षरे पुसट होतात, म्हणून पहिल्या फोनमधली फाइलच जपावी.

शेवटी, न सापडलेल्या नोंदीचाही संदर्भ असतो. नमुना १४ ची कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतची वही पाहिली, मधली कोणती वर्षे स्कॅनमध्ये नव्हती, कोणती पाने वाळवीने गेलेली होती, नाव कोणकोणत्या रूपांनी शोधले, हे टिपले तर पुढचा माणूस तेच गठ्ठे पुन्हा उपसत बसत नाही. ‘कर्जत तहसीलमध्ये काही मिळाले नाही’ हे वाक्य घरात पिढ्यान्‌पिढ्या फिरते आणि शोध थांबवते. प्रत्यक्षात अनेकदा ठाणे जिल्ह्याच्या काळातली वही कुणी मागितलेलीच नसते.